आरसा बघायचा राहिला

मिश्री म्हणजे काय ते ज्यांनी कधी लावली नाही त्यांना सांगून कळत नाही, आणि ज्या लावतात त्यांना सांगावं लागत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरडायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटावर घेऊन दातांना घासत बसायची. दात साफ करायचे म्हणून सुरू होतं, पुढे दात राहतात बाजूला. आमच्या भांडुपच्या चाळीत आईच्या वयाच्या बहुतेक बाया लावायच्या. मी आईच्या डबीतली पहिली चिमूट घेतली तेव्हा ती ओरडली नाही, "गिळू नको" एवढंच म्हणाली. आमच्या घरातलं आरोग्यशिक्षण तेवढंच.

मी अंधेरीला कपड्यांच्या एका कंपनीत फायनल चेकिंगला आहे. परदेशी जाणाऱ्या शर्टाचा एक टाका सुटलेला असला तरी तो मला टेबलाच्या या टोकावरून दिसतो, आणि असा शर्ट बाजूला टाकताना मला जरासुद्धा दया येत नाही. स्वतःच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा मात्र मला दिसला नाही. तो मुलुंडच्या दातांच्या डॉक्टरणीला दिसला. दाढ दुखते म्हणून गेले होते. तिने दांडीचा छोटा आरसा तोंडात घातला, दाढ सोडून गालाकडेच बघत राहिली आणि म्हणाली, "मिश्री लावता ना? आजपासून बंद. हा चट्टा अजून परत फिरू शकतो. पुढच्या वेळी असाच दिसला किंवा वाढला, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." माझी आई तोंडाच्या दुखण्यानेच गेली होती. तुकडा म्हणजे काय आणि त्यानंतर काय काय असतं, हे मला कोणी समजवायची गरज नव्हती.

मी घाबरले, आणि घाबरून घरी येऊन आधी मिश्री लावली.

त्यानंतर मी काय काय केलं नाही! डबी गटारात टाकली, दुसरी आणली. लवंग चघळली, बडीशेप चघळली. देवीपुढे नारळ ठेवून शपथ घेतली आणि संध्याकाळी तोच नारळ फोडून चटणी केली, कारण शपथ दुपारीच मोडली होती. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, सगळीकडे "मी सोडतेय" म्हणून सांगत सुटले. आता वाटतं, तिथेच चुकत होतं. सोडतेय, सोडतेय म्हणणारी बाई ही मिश्री लावणारीच बाई असते, फक्त जरा वैतागलेली. नवऱ्याला मात्र मी सुटली म्हणूनच सांगितलं होतं. त्याला वास यायचा. रात्री जेवताना तो माझ्या गालाकडे बघायचा. ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

आमच्या समोरच्या दारात एक काका राहतात. चाळ पडून बिल्डिंग उभी राहिली तरी आमची दारं समोरासमोरच आली. त्यांची बायको, आमच्या काकू, दोनेक वर्षांपूर्वी झोपेतच गेली. काकू बालवाडीत शिकवायच्या, आणि अख्ख्या बिल्डिंगला बालवाडी समजायच्या. नळाला पाणी यायच्या आधी त्यांची आंघोळ झालेली असायची. मग कपभर गरम पाणी, मग गच्चीवर फेऱ्या, मग जिना उतरताना दाराची चावी लोखंडी कठड्यावर वाजवत यायच्या. टक्, टक्, टक्. त्या आवाजावर आम्ही उठायचो. कोणाशी वाजलं की दोन वाक्यं ऐकून घ्यायच्या आणि "असो" म्हणून निघून जायच्या. समोरचा माणूस भांडायच्या तयारीत तसाच उभा. आम्ही बाया जिन्यात बसून मिश्री लावायचो तेव्हा त्या आमच्यामधून साडी सावरत जायच्या. त्यांना कधी कोणी चिमूट पुढे केली नाही. तशी हिंमतच नव्हती कोणाची.

पितृपक्षातली नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची असते. त्या दिवशी एका सवाष्णीला तिच्या जागी जेवायला बसवतात आणि तिची ओटी भरतात. हे बऱ्याच घरी होतं. काकांच्या घरची रीत मात्र त्यांच्या मालवणकडच्या गावातून आलेली, जरा जास्तच कडक. काकांची बहीण त्यासाठी गावाहून आली होती. वर्षश्राद्ध झाल्यानंतरची पहिली नवमी होती. आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मला बसायला बोलावलं होतं, का तर मी समोरची आणि अंगापिंडाने काकूंसारखी.

"उद्या न्हालंस की तू तू नाय," ती मला म्हणाली. "तू आमची वैनी. तिणा जां कधी तोंडात घालूक नाय, तां तूवय घालूचा नाय. जेवान झाला की मी आरसो दाखवतंय. आरशात आपला तोंड बघायचा आणि मगे आपल्या घराक जायचा. तवसर आरशात बघूचा नाय."

मी हो हो म्हटलं. जेवण चांगलं असणार, ऑफिसला अर्धी रजा मिळणार, माझा हिशोब तेवढाच होता. मिश्रीशिवाय सकाळ कशी काढायची याचीच काळजी वाटत होती. दुपारी बसमध्ये कशी लावता येईल, त्याचाही मी विचार करून ठेवला होता.

सकाळी आंघोळ केली. डबी बाथरूमच्या फळीवर, नेहमीच्या जागी. हात वर गेला आणि मध्येच थांबला. मी थांबवला नाही. मी काही ठरवलं नाही, दात-ओठ खाल्ले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. हात आपला थांबला, जसा दुसऱ्याच्या घरच्या फडताळाला हात लावताना थांबतो. या बाईची वस्तू नाही ती, एवढंच. मग त्याच हाताने पातेल्यात पाणी तापवलं आणि मी कपभर गरम पाणी प्यायले. मला गरम पाणी आवडत नाही. ते मला कप रिकामा झाल्यावर आठवलं.

काकांच्या घरी पाटावर बसले आणि तिथेही गरम पाणी मागून घेतलं. पुढ्यात केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळू, खीर. वाढत होती बहीण, काका भिंतीला टेकून उभे होते. मध्येच ते म्हणाले, "मीठ कमी घातलंय. तुला लागतं तसं." मी मान हलवली. खरं तर मला मीठ जास्त लागतं, पण त्या दिवशी सांबारं अगदी जमलेलं वाटलं. ओटी भरली, नारळ दिला. मग बहीण देव्हाऱ्याखालच्या फळीवर आरसा शोधायला लागली.

"आरसो खंय गेलो? हयच ठेवलेलंय मी."

तिने फळी उपसली, मग कपाट. तळहाताएवढा, पितळी चौकटीचा जुना आरसा. कुठे सापडेना. दुसरा चालणार नव्हता. मी घड्याळाकडे बघत होते.

"राहू दे गं," काका म्हणाले. "तिला उशीर होतोय. जाऊ दे."

मी चपला सरकवल्या आणि निघाले. जिन्यापर्यंत मागून बहिणीचा आवाज येत होता, "आरसो बघूचो रवलो गो तिचो!" मी हसत हसत जिना उतरले. घाटकोपरला मेट्रोत बसल्यावर लक्षात आलं की आज बसमध्ये लावायची ठरवलेली चिमूट लावायची राहिलीच.

ऑफिसच्या बाथरूममध्ये आमचा एक अड्डा होता. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने नेहमीसारखी डबी पुढे केली.

"मी लावत नाही," मी म्हटलं.

"हो का? कधीपासून?"

"कधीच लावली नाही."

ती फिस्सकन हसली. तिला वाटलं मी फिरकी घेतेय. मीही हसायला तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही. कारण मी जे बोलले ते मला खोटं वाटलं नव्हतं.

घरी परतताना माझ्या डोक्यात तो विचार आला. आजचा दिवस गेला कसा, ते कळलंसुद्धा नाही. मग उद्याही मी तीच राहिले तर? कोणाला काय कळतंय? स्वतःला शिस्त लावायची म्हणून इतकी वर्षं मी स्वतःशी भांडत होते आणि दर वेळी हरत होते. ते भांडणच नको. ज्या बाईला शिस्त आहे, तीच व्हायचं. मी मला सांगितलं, मी मिश्री सोडलेली नाही, मी मिश्री लावत नाही.

आणि जमलं. झकास जमलं! डबी फळीवर तशीच पडून राहिली, तिच्यावर धूळ बसली. पाणी यायच्या आधी जाग यायला लागली. गच्चीवर फेऱ्या सुरू झाल्या. कपाटातले कपडे चारपदरी घड्या होऊन बसले. ऑफिसात मी कोणावर खेकसेनाशी झाले. नवरा तर इतका खूश की त्याने त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलं, "आमच्या हिने सोडली. मनाची ताकद लागते." मनाची ताकद कसली? माझं मन यात कुठे नव्हतंच. पण कोणी कौतुक करायला लागल्यावर आपण कशाला नको म्हणायचं? काही महिने मी इतकी सुखी होते की बाकीच्या गोष्टींकडे माझं लक्षच गेलं नाही.

पहिल्यांदा लक्ष गेलं ते नवऱ्याचं.

"तू जिन्यावर चावी का आपटत येतेस?" त्याने एका सकाळी विचारलं.

"मी? कधी?"

"रोज. मला झोपेत वाटतं, काकू आल्या."

मी हातातल्या चावीकडे बघितलं. दारापर्यंत येऊन चावी हातात असणं यात काही नवल नाही. पण गच्चीवर जाताना मी चावी नेतच नाही, तो घरात असतो, दार ओढून घेते फक्त. मग ही खुंटीवरून काढली कधी? मला आठवेना. "असो," मी म्हटलं आणि आत गेले. तो तिथेच उभा राहिला, भांडायच्या तयारीत नव्हता तरी.

मग मीही बघायला लागले. चेकिंगचं कामच ते, एकदा दोष दिसला की पुढचे आपोआप दिसतात. भाजीत मीठ कमी पडत होतं आणि ते मला कळत नव्हतं, नवरा वरून घालून घेत होता. भिंतीला हात लावत चालायला लागले होते, काकूंचा गुडघा दुखायचा तशी. माझा गुडघा धडधाकट आहे. आणि आरसा. टिकली मी बोटाने चाचपून लावत होते. केस खिडकीकडे तोंड करून विंचरत होते. बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकलेला असायचा, आणि तो तिथे मीच टाकत असणार, कारण नवरा टॉवेल जमिनीवर टाकतो. किती दिवस मी माझं तोंड बघितलं नव्हतं? मी टॉवेल काढायला हात पुढे केला. हात मध्येच थांबला. अगदी त्या डबीपाशी थांबला होता तसाच.

टॉवेल तसाच राहिला आणि मी बाथरूमचं दार बाहेरून लावून घेतलं.

तरी मी गच्चीवर जात राहिले. न जाणं मला जमतच नव्हतं. एक दिवस, चांगलं ऊन आलेलं, खाली भाजीवाल्याची हाक चाललेली, मी आमच्या मजल्यावर उतरले आणि काकांच्या दाराआडून त्यांचा आवाज आला, "उघडतोय गं, उघडतोय." मी दार वाजवलं नव्हतं. चावी कठड्यावर तेवढी वाजली होती. त्यांनी दार उघडलं. टेबलावर एक कप चहा आणि एक कप गरम पाणी. मी आत गेले, बसले, पाणी प्यायले. काका पेपर वाचत होते, मी त्यांच्या चष्म्याचं घर खिडकीच्या कट्ट्यावरून उचलून कपाटावर ठेवलं. उठले, बाहेर आले. समोर आमच्या दारात नवरा उभा होता. त्याने सगळं बघितलं होतं.

"रोज जातेस?"

मी नाही म्हणणार होते. पण त्या खुर्चीवर बसताना मी उशी मागे सरकवली होती, न बघता, रोजची असल्यासारखी.

त्यानंतर मुलुंडला डॉक्टरणीकडे तपासायला जायचं होतं. नवरा सोबत आला. बाकावर बसलो होतो. आतून बाईने एक नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. मला वैताग आला, कोण ही बाई, आपलं नाव ऐकू येत नाही का हिला, लोकांचा खोळंबा. मी मान वळवून बाकीच्या बायकांकडे बघितलं. तेवढ्यात नवऱ्याने माझं कोपर धरलं.

"अगं, तुला बोलावतायत," तो म्हणाला. "तुझं नाव आहे ते."

मी उठले. पाय आपलेच आहेत असं समजून चालावं लागलं.

डॉक्टरणीने गाल ओढून बघितला आणि खूश झाली. चट्टा जवळजवळ गेला होता. "कसं जमवलंत? बायकांना सांगून सांगून माझा घसा बसतो. बघा, तुम्हीच बघा," असं म्हणून तिने हातातला आरसा माझ्यासमोर धरला. मी तिचा हात इतक्या जोरात ढकलला की आरसा ट्रेमध्ये जाऊन पडला. तिला वाटलं मी लाजले.

रिक्षात नवऱ्याने माझा केसपेपर घडी करून खिशात ठेवला. मग बाहेर बघत म्हणाला, "चट्टा जाऊ दे म्हणून देवाला सांगितलं होतं. तुला घेऊन जा म्हणून नाही सांगितलं."

मला रडू यायला हवं होतं. मी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, बालवाडीतल्या पोराला थोपटतात तसं. त्याने पाय बाजूला घेतला.

त्याच संध्याकाळी त्याने काकांच्या बहिणीला गावी फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिणा आरसो बघल्यान?" नाही, बघायचा राहिला. "मगे वैनी गेली खंय? ती थयच आसा." नवमी जवळ आली होती. तिने सांगितलं, मी येते, तिलाच परत बसवू आणि या खेपेला आरसा दाखवून पाठवू. तोवर तिला काही म्हणू नका.

मी नाही म्हणून सांगितलं. मी जाणार नाही. नवऱ्याने समजावलं, ओरडला, हात जोडले. त्याला वाटत होतं मला त्या दुसऱ्या बाईची भीती वाटते. मला तिची भीती वाटत नव्हती. मला माझी भीती वाटत होती. आरसा बघितला की काकू जातील, आणि त्यांच्याबरोबर मिश्री न लावणारी बाईही जाईल. मग मागे कोण उरेल? नारळापुढे शपथ घेऊन दुपारी मोडणारी. फळीवरच्या डबीवरची धूळ पुसणारी. ती बाई तोंडात चट्टा वाढवत वाढवत आईच्या वाटेने जाईल, हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की मी नवऱ्याला तोंडावर म्हणाले, "तुला ती परत हवीय? मरेल ती."

नवमीच्या सकाळी काका स्वतः आले. आमच्या घरात ते वर्षभरात आले नव्हते. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. नवरा आत गेला. काका खुर्चीच्या कडेवर बसले आणि त्यांनी रुमाल उलगडला. पितळी चौकटीचा आरसा. पालथा धरलेला.

"गेल्या वर्षी तुझी ओटी भरत होते तेव्हा मीच हळूच गादीखाली ठेवला होता," ते म्हणाले. "तू पाटावर बसलीस, गरम पाणी मागून घेतलंस. मला कोणी सांगितलं नव्हतं तरी मला कळलं, आली. तिला परत पाठवायचं माझ्याने होईना गं."

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. मी म्हटलं, "आता तरी कशाला पाठवता? तुम्हालाही हवी, मलाही हवी. चावीचा आवाज आला की तुम्हाला बरं वाटतं ना?"

ते काही वेळ रुमालाची घडी घालत राहिले. "चावी वाजवायची ती माझी आई," ते म्हणाले. "जुन्या चाळीच्या जिन्यात अंधार असायचा, कुत्री झोपायची, म्हणून ती चावी वाजवत यायची. ही लग्न होऊन आली तेव्हा तुझ्यासारखी होती. मिश्री लावायची, उशिरा उठायची, मोठ्याने हसायची. तिचं आणि आईचं एकही दिवस पटलं नाही. आई गेली, वडील होते, म्हणून नवमीला सवाष्ण बोलावली. ती ऐन वेळी आली नाही, तेव्हा हिलाच पाटावर बसवली."

"आणि आरसा?"

"दाखवला की नाही, मला आठवत नाही. खूप वेळा आठवून बघितलं. पण त्यानंतर हिने मिश्री लावली नाही आणि जिन्यावर चावी वाजायला लागली. सगळे म्हणाले, सून किती सुधारली. मीही म्हणालो." त्यांनी घडी घातलेला रुमाल आरशावर ठेवला. "ती मोठ्याने हसायची ना, ते हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. आणि मी विचारलंही नाही कधी, तू कुठे गेलीस म्हणून."

खाली कुकरची शिट्टी झाली. मी वर्षभर ज्या बाईला धरून ठेवलं होतं, ती काकू तरी होती का? का तिच्याही आधीची कोणी, जिला मी कधी बघितलंही नाही? आणि उद्या मी गेल्यावर माझ्या नवमीला कोणी बाई पाटावर बसेल, तिला सांगतील की हिने कधी मिश्री तोंडात घातली नाही. तिच्या अंगात कोण जाईल? मी तर नाही. मी कुठे असेन, कोणालाच ठाऊक नसेल.

मी आतल्या खोलीकडे बघितलं. नवरा दाराआड उभा होता, त्याचे पाय दिसत होते. घाबरलेले, अनवाणी पाय. मला ते पाय बघून गलबलून आलं. वर्षभरात पहिल्यांदाच असं काही आतून हललं होतं, आणि ते नक्की माझं होतं.

मी आंघोळ करून गेले. पाटावर बसले, कमी मिठाचं सांबारं जेवले. काकांनी या वेळी स्वतः वाढलं. खीर वाढताना त्यांनी पळी पानावर जरा जास्तच वेळ धरली. बहिणीने ओटी भरली आणि ती माझ्यासमोर येऊन बसली. "बघ गो बाय," ती हळूच म्हणाली, आणि तिने आरसा सुलटा केला.

डोळे मिटून घ्यावेसे वाटले. मान आपणहून वळायला लागली होती. मी हनुवटी हाताने धरली, डॉक्टरणीने धरली होती तशी, आणि बघितलं. जुना आरसा, पारा कडेला उडालेला. त्यात एक थकलेली बाई होती, टिकली वाकडी, कपाळावर दोन नव्या रेघा, दात मात्र पांढरे. मला तिला ओळखायला थोडा वेळ लागला. मग डोळ्यांतून पाणी आलं, तिच्याही आणि माझ्याही.

"जा आता," बहीण म्हणाली. "मागे बघू नको."

मी चपला घातल्या आणि बाहेर आले. माझ्या हातात नारळ होता, चावी नव्हती. चावी आमच्या घरात खुंटीवर होती, मी निघताना मुद्दाम बघितली होती.

दोन दारांच्या मधोमध मी उभी होते तेव्हा ती तलफ आली. वर्षभराची एकदम. जिभेखाली पाणी, नाकात तव्यावरच्या तंबाखूचा वास, हिरड्या शिवशिवायला लागल्या, आणि बाथरूमची फळी, त्या फळीवरची डबी डोळ्यांपुढे अशी आली की जणू मी ती हातात धरली आहे. म्हणजे मी परत आले होते. कठड्याला धरायला हात पुढे केला, आणि त्याच वेळी माझ्या समोरून, कठड्यावर, आवाज सुरू झाला. टक्. मग खालच्या पायरीवर टक्. जिन्यात कोणी नव्हतं. आवाज सावकाश, गुडघा सांभाळत, खाली खाली निघाला.

मी तिला हाक मारू शकत होते. अजून फार लांब गेली नव्हती. एक हाक, आणि मला काही सोसावं लागलं नसतं. मागे काकांचं दार उघडं होतं. त्यांनाही ऐकू येत असणार, कारण त्यांचा श्वास थांबल्याचं मला कळलं. त्यांनीही हाक मारली नाही.

आवाज तळमजल्यावर पोचला, मग रस्त्यावरच्या गोंगाटात मिसळला. काकांनी दार लावलं.

मी माझं दार उघडलं. नवरा समोर उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत. मी बाथरूममध्ये गेले, टॉवेल काढला, डबी उचलली. हात थांबला नाही. तो डबीचं झाकण उघडायला अगदी तयार होता. मी डबी कमोडमध्ये उलटी केली, साखळी ओढली, आणि आरशात बघून म्हटलं, "मी लावत नाही."

आवाज माझाच होता. बाहेर येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "आजचा दिवस माझ्याजवळ बस. मला फार कठीण जाणार आहे." तो बसला.